पोटॅशियमचा १९ वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो? तिसऱ्यात १८ मावतात ना?

निफाडचा_बागायतदार:
राम राम मंडळी. एक शंका आहे, म्हणजे माझी नाही, पोरीची. दहावीला आहे, आवर्तसारणीचा धडा चालू आहे. वहीत कवचांचं कोष्टक आहे, के मध्ये जास्तीत जास्त २, एल मध्ये ८, एम मध्ये १८, एन मध्ये ३२, सूत्र दोन एन वर्ग, इथे एन म्हणजे कवचाचा क्रमांक. इथपर्यंत ठीक. सोडियम ११ म्हणजे २,८,१, क्लोरीन १७ म्हणजे २,८,७, अरगॉन १८ म्हणजे २,८,८. आता आला पोटॅशियम १९, तर ती म्हणते एम म्हणजे तिसऱ्या कवचात १८ मावतात ना, भरलेत फक्त आठ, दहा जागा मोकळ्या आहेत, मग २,८,९ पाहिजे. पुस्तकात २,८,८,१ दिलंय. क्लासच्या सरांना विचारलं तर "अकरावीत कळेल, आत्ता एवढंच लिही". आता अकरावीपर्यंत ती माझं डोकं खाणार. मी बी.कॉम., माझा पोटॅशशी संबंध खताच्या गोणीपुरता. कोणी जरा समजेल असं सांगा, फक्त "नियमच आहे" असं नको.

सातपूरकर:
अष्टकाचा नियम. बाहेरच्या कवचात आठ झाले की अणू स्थिर, पुढचा आला की नवीन कवच उघडायचं. पाठ करायला सांगा, परीक्षेत तेवढंच येतं.

निफाडचा_बागायतदार:
भाऊ ते सांगून झालं. तिने चुलत भावाचं अकरावीचं पुस्तक काढलं आणि त्यात स्कँडियम दाखवला, २१ वा. तिथे २,८,९,२ आहे. म्हणजे तिसऱ्या कवचात नववा बसलाच की. लोखंडात तर तिसऱ्यात १४ आहेत. आठला दार बंद होत असेल तर २१ व्या नंबरला परत कसं उघडलं, हा तिचा प्रश्न, आणि खरं सांगू तर मला तो बिनतोड वाटला.

कॉलेजरोडकर:
पोरगी तयार आहे राव. सोपं सांगतो. एसटी समजा. तिसऱ्या रांगेत जागा आहेत पण त्या चाकावरच्या, धक्के बसणाऱ्या. त्यापेक्षा चौथ्या रांगेतली खिडकी बरी म्हणून १९ वा आणि २० वा तिकडे जाऊन बसतात. खिडक्या संपल्या, मग २१ वा गपचूप चाकावर. झालं.

निवृत्त_केमिस्ट्री_मास्तर:
एसटीचं उदाहरण घरी सांगायला चालेल, पण त्यात एक गोम आहे. चाकावरची सीट प्रत्येक बसमध्ये चाकावरच असते, अणूत मात्र केंद्रकात एक प्रोटॉन वाढला की सगळ्या जागांची ऊर्जा बदलते. आज जी जागा वाईट ती दोन घरं पुढे गेल्यावर चांगली होऊ शकते. म्हणून नुसत्या "कोणती सीट बरी" यावर थांबलात तर ही मुलगी पुढचा प्रश्न विचारणारच.

मी ज्युनियर कॉलेजला हाच विषय शिकवून निवृत्त झालो, दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी हे विचारायचा आणि जो विचारायचा तो पुढे केमिस्ट्रीत बरा निघायचा हा माझा अनुभव. तर नीट सांगतो, थोडं लांब होईल.

पहिली गोष्ट. तिसरं कवच म्हणजे १८ जणांचा एकच गठ्ठा नाही. त्यात तीन उपकवचं आहेत. ३एस मध्ये २, ३पी मध्ये ६ आणि ३डी मध्ये १०, बेरीज १८. अरगॉनपर्यंत ३एस आणि ३पी भरून झालेत, ते झाले आठ. म्हणजे तुमची कन्या ज्या दहा मोकळ्या जागा म्हणते त्या सगळ्याच्या सगळ्या ३डी च्या आहेत. खरा प्रश्न असा झाला की १९ व्याने ३डी मध्ये जायचं की ४एस मध्ये. इलेक्ट्रॉन कवचाचा नंबर बघत नाही, कुठे ऊर्जा कमी लागते ते बघतो.

दुसरी गोष्ट, आणि सगळी गंमत इथेच आहे. बोरने १९१३ साली जे चित्र दिलं, मध्ये केंद्रक आणि भोवती ठराविक अंतरावर गोल कक्षा, ते पुस्तकात काढायला सोपं म्हणून टिकलंय, पण इलेक्ट्रॉन तसा एका गोलावर फिरत नसतो. ४एस चा इलेक्ट्रॉन सरासरीने लांब असतो हे खरं, तरी तो सापडण्याची थोडीशी शक्यता अगदी केंद्रकाजवळसुद्धा असते, आतल्या १८ इलेक्ट्रॉनांच्याही आत. तिथे गेला की त्याला १९ च्या १९ प्रोटॉनांची ओढ जवळजवळ पूर्ण लागते. ३डी चा इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे फिरकतच नाही. त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये ते १८ इलेक्ट्रॉन कायम आड येतात, १९ मधून १८ वजा, त्याच्या वाट्याला जेमतेम एका प्रोटॉनाची ओढ.

हे नुसतं सांगायचं म्हणून नाही, मोजलेलं आहे. हायड्रोजनमध्ये एकच प्रोटॉन. तिथे तिसऱ्या कवचातल्या इलेक्ट्रॉनला सोडवायला १.५१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या हिशोबातलं ऊर्जेचं छोटं माप) ऊर्जा लागते आणि चौथ्यातल्याला ०.८५. आता पोटॅशियमचा तो १९ वा इलेक्ट्रॉन मुद्दाम ऊर्जा देऊन ३डी मध्ये नेला, हे करता येतं, तर तिथून सोडवायला साधारण १.६७ लागते. म्हणजे हायड्रोजनपेक्षा किंचित जास्त, त्याला खरंच एकाच प्रोटॉनाची ओढ जाणवते. आणि तोच इलेक्ट्रॉन ४एस मध्ये असताना सोडवायला लागते ४.३४. हायड्रोजनच्या ०.८५ च्या पाचपट. लांबच्या कवचात असूनही जास्त घट्ट धरलेला. मग तो कुठे बसणार, सांगा.

सारणीतल्या रांगांची लांबीसुद्धा यातूनच येते. २, ८, ८, १८, १८, ३२, ३२, सगळे मिळून ११८. तिसऱ्या कवचात १८ मावत असून तिसरी रांग आठवरच संपते आणि ३डी चे दहा चौथ्या रांगेत स्कँडियमपासून झिंकपर्यंत, म्हणजे २१ ते ३०, भरतात. मला नेहमी नवल वाटतं ते मेंडेलीव्हचं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ ला, थॉमसनला. त्याच्या सव्वीस वर्षं आधी, १८७१ ला, या गड्याने स्कँडियमची जागा रिकामी ठेवून त्याला एका-बोरॉन असं नाव देऊन त्याचे गुणधर्म लिहून ठेवले होते, आणि १८७९ मध्ये निल्सनला तो सापडला.

निफाडचा_बागायतदार:
सर साष्टांग नमस्कार. दोनदा वाचलं, पोरीने एकदाच वाचलं आणि मलाच समजावून सांगितलं. ते ०.८५ आणि ४.३४ तिने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलंय. तिचं म्हणणं हे आकडे कोणी आणि कसे मोजले असतील, अणूच्या आत तर जाता येत नाही.

माती_देठ_लॅबवाली:
दादा ते तुमच्याच बागेतल्या पानांच्या देठांवरून रोज मोजतोय की आम्ही, अगदी ते आकडे नाही पण तोच इलेक्ट्रॉन.

मी माती आणि देठ परीक्षणाच्या लॅबमध्ये आहे, छाटणीनंतर बागायतदारांची नुसती रांग असते. देठ वाळवायचे, दळायचे, ऍसिडात विरघळवायचे आणि ते पाणी फ्लेम फोटोमीटरला लावायचं. आत एलपीजीची निळी ज्योत असते, त्यात हवेबरोबर तुमच्या देठाचं पाणी तुषारासारखं जातं. पाणी उडून जातं, मीठ फुटतं, पोटॅशियमचे सुटे अणू तयार होतात. ज्योतीच्या उष्णतेने तो १९ वा इलेक्ट्रॉन ४एस मधून उचलला जातो आणि वरच्या ४पी मध्ये जातो, पण तिथे टिकत नाही, लगेच खाली येतो आणि येताना प्रकाश टाकतो, ७६६.५ आणि ७६९.९ नॅनोमीटर तरंगलांबीचा. मशीनमध्ये तेवढाच प्रकाश आत घेणारा फिल्टर बसवलेला असतो. प्रकाश जितका जास्त तितका पोटॅश जास्त, आधी माहीत असलेल्या ताकदीची द्रावणं लावून घेतो त्यामुळे आकडा काढता येतो. रिपोर्टमध्ये पालाश म्हणून जी टक्केवारी येते ती ही.

सोडियमला दुसरा फिल्टर, ५८९ चा. सोडियमचा ११ वा इलेक्ट्रॉन ३पी मधून ३एस ला उतरतो त्याचा. सोडियम असला की ज्योत पिवळी धम्मक होते, लांबूनही दिसते. पोटॅशियमची मात्र डोळ्याला फारशी दिसत नाही कारण ७६६ म्हणजे लाल रंगाच्या अगदी काठावर, फिकट जांभळी झाक दिसते ती त्याच्याच ४०४ च्या बारीक रेषेची. आणि सोडियमचं जरा जरी प्रदूषण असेल तर ती झाकही गायब. म्हणून शाळेत प्रयोग केला तर निळ्या कोबाल्टच्या काचेतून बघतात.

तर तुमच्या लेकीला सांगा, आत जायची गरज नाही, जो प्रकाश बाहेर येतो त्याच्या नॅनोमीटरवरून दोन पातळ्यांमधलं अंतर कळतं. ७६६ नॅनोमीटर म्हणजे १.६२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. अशा सगळ्या रेषा मांडल्या की कुठली पातळी कुठे आहे त्याचा पूर्ण जिना तयार होतो, आणि त्यात सगळ्यात खालची पायरी ४एस ची निघते, ३डी ची नाही.

निफाडचा_बागायतदार:
ताई हे भारी. आम्ही रिपोर्ट आला की फक्त कमी का जास्त एवढंच बघतो आणि सल्लागाराला फोटो पाठवतो.

आता माझीच एक शंका, हसू नका. पुस्तकात आहे की पोटॅशियम पाण्यात टाकला की पेट घेतो, रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. आणि मी ०:०:५० हे खत पाण्यात कालवून ठिबकमधून सोडतो, १३:०:४५ पण सोडतो, कधी ठिणगी पाहिली नाही. मग गोणीत नक्की काय असतं?

निवृत्त_केमिस्ट्री_मास्तर:
हसण्यासारखं काही नाही, प्रश्न मुद्द्याचा आहे. गोणीत पोटॅशियम आहे पण त्याच्याकडे तो १९ वा इलेक्ट्रॉन नाही. तो आधीच देऊन टाकलेला आहे. ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, दोन्हीत पोटॅशियम धन आयन म्हणून बसलाय, २,८,८, अरगॉनसारखा. पेट घेतो तो धातू, कारण धातूच्या अणूकडे १९ वा शिल्लक असतो आणि तो पाण्याला देताना हायड्रोजन सुटतो, उष्णता इतकी होते की तो हायड्रोजन पेटतो. ज्याच्याकडे द्यायला काही उरलंच नाही तो पाण्यात शांतपणे विरघळतो.

उलट काम फार अवघड. दिलेला इलेक्ट्रॉन पोटॅशियमला परत घ्यायला लावणं साध्या उपायाने जमेना, शेवटी १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने दाहक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साईड) बॅटरीचा प्रवाह सोडला तेव्हा कुठे धातूचे चकचकीत थेंब मिळाले. माणूस राखेतला पोटॅश कित्येक शतकं वापरत होता, धातू बघितला तेव्हा पहिल्यांदा.

माती_देठ_लॅबवाली:
त्यात एक जोडते. गोणीवरचा ५० हा आकडा पोटॅशियमचा नाही, पोटॅशियम ऑक्साईडच्या हिशोबातला आहे. तो ऑक्साईड गोणीत नसतोच, जुनी पद्धत म्हणून हिशोब तसा लिहितात. खरा पोटॅशियम काढायला ०.८३ ने गुणायचं, म्हणजे २५ किलोच्या गोणीत साधारण १०.४ किलो. आमच्याकडे लोक गोणीवरचा आकडा आणि रिपोर्टमधला आकडा शेजारी ठेवून भांडतात म्हणून सांगितलं.

पंचवटी_एमएस्सी:
मास्तरांनी सुरुवातीला म्हटलेली "ऊर्जा बदलते" ही गोष्ट राहून गेली, ती लिहितो, कारण स्कँडियमचा प्रश्न त्याशिवाय सुटत नाही. क्लासमध्ये सरसकट सांगतात की ४एस ची ऊर्जा ३डी पेक्षा कमी असते, कायमचं. ते पोटॅशियम आणि कॅल्शियमपुरतं खरं. पुढे नाही.

१९ इलेक्ट्रॉन असलेले तीन कण घ्या. पोटॅशियमचा अणू, कॅल्शियममधून एक इलेक्ट्रॉन काढलेला, आणि स्कँडियममधून दोन काढलेला. तिघांत इलेक्ट्रॉन सारखेच, आतले १८ पण सारखेच, फरक फक्त प्रोटॉनचा, १९, २०, २१. पोटॅशियममध्ये ३डी ही ४एस पेक्षा २.६७ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर आहे. कॅल्शियमच्या आयनात ते अंतर कमी होऊन १.७ च्या आसपास येतं. आणि स्कँडियमच्या आयनात उलटं, ३डी खाली जाते आणि तो एकटा इलेक्ट्रॉन ३डी मध्येच बसतो. प्रोटॉन वाढले की ३डी झपाट्याने आत ओढली जाते, असं ते आहे.

म्हणूनच लोखंडाचा अणू २,८,१४,२, पण त्यातून दोन इलेक्ट्रॉन गेले की २,८,१४ राहतो, २,८,१२,२ नाही. आधी भरलेला ४एस च आधी रिकामा होतो. अकरावीला अर्ध्या वर्गाचे मार्क इथे जातात. मग स्कँडियमच्या पूर्ण अणूत सगळेच ३डी मध्ये का जात नाहीत, तर ३डी लहान जागा आहे, तिथे दोघं तिघं आले की एकमेकांना जोरात ढकलतात, त्यापेक्षा दोघं ४एस मध्ये ठेवणं एकूण हिशोबात परवडतं. एकेका इलेक्ट्रॉनचा नाही, सगळ्या अणूचा हिशोब बघायचा.

निवृत्त_केमिस्ट्री_मास्तर:
बरोबर. दहावीला यातलं काही लिहायचं नाही, पण मुलीला माहीत असू द्या.

परीक्षेत आलं तर एवढं लिहावं. पोटॅशियम, अणुअंक १९, इलेक्ट्रॉन संरूपण २,८,८,१, बाह्यतम कवचात १ इलेक्ट्रॉन म्हणून गण १, चार कवचं म्हणून आवर्त ४, संयुजा १. कारण विचारलं तर "बाह्यतम कवचात आठपेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत" हे वाक्य चालतं. बघा, बाह्यतम हा शब्द ठेवला की स्कँडियमही अडत नाही, कारण तिथे नऊवालं कवच बाहेरचं नाहीच, बाहेर दोन आहेत. सातपूरकरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं चुकीचं नव्हतं.

भांडीबाजार_नाशिक:
उशिरा आलो पण वाचत होतो. आमचं तांब्यापितळेचं दुकान. गुगलवर तांब्याचं बघितलं, २९, म्हणजे २,८,१८,१. बाहेर एकच इलेक्ट्रॉन, पोटॅशियमसारखाच. मग तांब्याच्या हंड्यात पिढ्यान्पिढ्या पाणी भरतोय, त्याला काही होत नाही, चिंच लावली की परत लखलखतो. एक रॉकेलमध्ये ठेवायचा आणि एक माजघरात, हे कसं काय भो?

पंचवटी_एमएस्सी:
मस्त विचारलं. बाहेरचा इलेक्ट्रॉन एकच आणि तोही दोघांचा ४एस मध्येच, पण तांब्याच्या केंद्रकात दहा प्रोटॉन जास्त. त्यांच्याबरोबर दहा इलेक्ट्रॉनही आले पण ते ३डी मध्ये, आणि ३डी चे इलेक्ट्रॉन बाहेरच्याला झाकण्यात कच्चे. त्यामुळे केंद्रकाची ओढ बाहेरपर्यंत पोचते. पोटॅशियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला ४१९ किलोज्यूल प्रति मोल, तांब्याचा काढायला ७४५. अणूही आखडतो, धातूत पोटॅशियमची त्रिज्या २२७ पिकोमीटर, तांब्याची १२८. अणू जवळजवळ आणि घट्ट बांधलेले, म्हणून पोटॅशियम ६३ अंशांच्या जरा वर वितळतो, चाकूने कापता येतो, आणि तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, कारागीर ठोकून ठोकून हंडा करतात तरी तडा जात नाही.

म्हणून सारणीत पोटॅशियम गण १ ला आणि तांबं गण ११ ला. मेंडेलीव्हच्या जुन्या सारणीत दोघं पहिल्याच गणात होते, अ आणि ब असे उपगण पाडून. दहावीच्या पुस्तकात त्याची सारणी छापलेली असते, तिथे पोरीला दाखवा.

निफाडचा_बागायतदार:
दाखवली. तिथे सोडियमच्या गणात चांदी पण आहे.

आणि सर, मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट निळा असतो आणि पोटॅशची खतं सगळी पांढरी, हे पण या ३डी मुळेच का? बोर्डोच्या फवारणीसाठी मोरचूद भिजवताना पोरगी म्हणाली.

पंचवटी_एमएस्सी:
हो काका, त्यामुळेच. मोरचूदात तांब्याने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, ३डी मध्ये उरतात ९, एक जागा रिकामी. भोवतीच्या पाण्याच्या रेणूंमुळे ३डी च्या पाच जागांची ऊर्जा थोडी वेगवेगळी होते आणि लाल प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन खालच्या जागेतून वरच्या रिकाम्या जागेत उडी मारतो. लाल गेला की उरतो तो निळा दिसतो. मोरचूद तव्यावर तापवला तर पाणी निघून जातं आणि तो पांढरा पडतो, परत पाणी शिंपडलं की निळा. करून दाखवा तिला, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, विषारी आहे.

पोटॅशियमच्या आयनात ३डी रिकामी, उडी मारायला इलेक्ट्रॉनच नाही. झिंक सल्फेटमध्ये ३डी पूर्ण भरलेली, दहाच्या दहा, उडी मारून जायला जागाच नाही. म्हणून दोन्ही पांढरे. हिराकस म्हणजे लोखंडाचं सल्फेट, त्यात ३डी मध्ये सहा, म्हणून हिरवट. खतांच्या दुकानात सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पिशव्या शेजारी शेजारी असतात, ओळीने लावून बघा.